‘समजलं ना?’ विचारून काही कळत नाही

संवादकौशल्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, हल्लीच्या मुलांना काम येतं पण चार माणसांत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, म्हणून ती मागे पडतात; त्यांना बोलायला शिकवा, ताठ बसायला शिकवा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून हसायला शिकवा. दुसरा तट म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. ज्याला काम येत नाही तो बोलत सुटतो आणि बढतीही त्यालाच मिळते. दोघेही तावातावाने भांडतात, पण एका बाबतीत त्यांचं एकमत आहे आणि गाडं नेमकं तिथेच अडलंय. संवादकौशल्य म्हणजे बोलण्याचं कौशल्य, हे दोघांनीही गृहीत धरलंय. माझं म्हणणं असं, की बोलणं हा त्यातला सोपा भाग आहे. आपण सांगितलेलं समोरच्याच्या डोक्यात कोणत्या रूपात उतरलं, हे मागे वळून तपासणं हा अवघड भाग. तो शिकता येतो. त्याला गोड गळा लागत नाही, सभाधीटपणा लागत नाही. आणि तो पार पाडायची पहिली जबाबदारी ज्याच्या हातात जास्त अधिकार, त्याची.

आधी पहिल्या तटाचा समाचार घेऊ. संवादकौशल्याच्या कुठल्याही कार्यशाळेत जा, पहिल्या अर्ध्या तासात पडद्यावर एक वर्तुळ येतं: शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७च्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. एका प्रयोगात ध्वनिमुद्रित सुटे शब्द ऐकवले होते. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या सुरांत, वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांबरोबर ऐकवला होता. प्रश्न एवढाच होता की शब्द एक सांगतोय आणि सूर-चेहरा दुसरंच, तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो? आपले आकडे भावना आणि आवडनिवडीपुरतेच आहेत, सगळ्या बोलण्याला लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच बजावलेलं आहे. तरी वर्तुळ फिरतंच आहे. ज्यांचा धंदाच ‘नीट ऐका, नीट समजून घ्या’ हे शिकवण्याचा, त्यांनी एका माणसाचं म्हणणं इतकी वर्षं चुकीचं ऐकावं, याहून मोठी गंमत कोणती? आणि साधा हिशोब करून बघा. ९३ टक्के अर्थ शब्दांवाचून पोहोचत असेल, तर भाषा न येणाऱ्या माणसाला बैठकीत बसवा आणि बाहेर आल्यावर विचारा, काय काय ठरलं?

दुसऱ्या तटाचा राग मला जास्त कळतो. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, ही म्हण लोक सल्ला म्हणून ऐकवतात. मला ती तक्रार वाटते. हे भांडण आजचंही नाही. प्लेटोच्या ‘गॉर्जियास’ या संवादात वक्तृत्वाचा गुरू गॉर्जियास मोठ्या अभिमानाने सांगतो की त्याचा भाऊ वैद्य होता. त्या भावाचं औषध घ्यायला रोगी तयार नसे, तेव्हा आपण जाऊन निव्वळ बोलण्याच्या जोरावर त्याला तयार करत असू. पुढे तो म्हणतो, शहराला वैद्य निवडायचा असेल आणि वैद्य व वक्ता समोरासमोर उभे राहिले, तर निवड वक्त्याची होईल. सॉक्रेटिस हे धरून ठेवतो: म्हणजे न जाणणाऱ्यांसमोर, स्वतः न जाणणारा माणूस जाणकाराला हरवतो, हीच ना तुझी विद्या? हा आक्षेप सुमारे २४०० वर्षं जुना आहे आणि अजून कुणाला तो पुसता आलेला नाही. मुलाखतीत चटपटीत बोलणारा निवडला जातो आणि अबोल पण जाणकार माणूस घरी परत जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हा अन्याय मला शंभर टक्के मान्य आहे.

पण गॉर्जियासच्या त्या गोष्टीत एक मुद्दा त्याच्या आणि सॉक्रेटिसच्या, दोघांच्याही नजरेतून निसटलाय. तो रोगी औषधाला नको का म्हणत होता? भीती होती, की आधी कधी त्या औषधाने त्रास झाला होता, की वैद्याचं बोलणंच कळलं नव्हतं? ना वैद्य भावाने विचारलं, ना वक्त्या भावाने. एकाकडे ज्ञान होतं, दुसऱ्याकडे वाणी. रोग्याकडे उत्तर होतं आणि ते तसंच राहिलं.

शिवाय ‘काम चोख असेल तर ते आपोआप बोलतं’ या समजुतीला इतिहासाने चांगलीच चपराक दिलेली आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७मध्ये क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुण्याची सक्ती केली आणि त्याच्या विभागातलं बाळंतिणींच्या मृत्यूंचं प्रमाण एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून काही आठवड्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आलं. यापेक्षा चोख काम कोणतं? पण स्वतः सविस्तर लिहायला त्याने १८६१ उजाडवलं, आणि नंतर जी खुली पत्रं लिहिली त्यात विरोधी डॉक्टरांना सरळ खुनी ठरवलं. सगळा दोष त्याच्या लेखणीचा होता असं मी म्हणणार नाही. रोगजंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, आणि ‘मृत्यू तुमच्याच हातांनी आणला’ हे कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी कुणाच्या घशाखाली उतरलं असतं? तरीही, आकडे स्वतःहून बोलले नाहीत एवढं नक्की. आकडे कधीच बोलत नाहीत.

आता माझीच एक फजिती सांगतो. मी एका ठिकाणी अहवाल तयार करायच्या कामावर होतो. संध्याकाळी निघायच्या गडबडीत, नव्यानेच आलेल्या सहकारी मुलीला म्हणालो, ‘एवढं तिसरं प्रकरण जरा बघून घे, सकाळी पाठवायचंय.’ ती म्हणाली, ‘हो सर.’ सकाळी अहवाल गेला. दुपारी वरून फोन आला, तिसऱ्या प्रकरणातल्या दोन तक्त्यांच्या बेरजा जुळत नाहीत. मी तणतणत तिच्या टेबलापाशी गेलो. तिने शांतपणे स्वतःची छापील प्रत काढली. दोन्ही चुकांभोवती पेन्सिलीने गोल केलेले होते आणि शेजारी बारीक अक्षरात बरोबर बेरीज लिहिलेली. ‘तुम्ही बघून घे म्हणालात सर. मी बघितलं. दुरुस्त कर असं म्हणाला नव्हतात, आणि तुमच्या आकड्यांना मी कसा हात लावणार?’

त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो, हे कबूल करायला हवं. ‘एवढंही कळत नाही?’ असंही बोलून गेलो. घरी जाताना लक्षात आलं, की ‘बघणे’ या आपल्या क्रियापदावर आपण केवढा भार टाकलाय. ‘बघून घे’ म्हणजे वाच, तपास, दुरुस्त कर, सांभाळ, यांतलं काहीही. ‘बघतो’ म्हणजे करतो, प्रयत्न करतो, विचार करतो, आणि बरेचदा चक्क नाही. ‘बघ हं’ ही ताकीद आणि ‘बघून घेईन’ ही धमकी. माझ्या डोक्यात यांतला एकच अर्थ होता आणि तो इतका लख्ख होता, की दुसरा असू शकतो हे सुचलंच नाही. तिच्याही डोक्यात एकच होता. मधल्या ‘हो सर’ने दोघांचं समाधान झालं.

हा लख्खपणाच घात करतो. एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रबंधासाठी एक सुंदर प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी ठोकून दाखवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. ठोकणाऱ्यांना वाटलं, साधारण निम्मी गाणी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. ठोकणाऱ्याच्या कानात सगळा वाद्यवृंद वाजत असतो. समोरच्याला टकटक ऐकू येते. स्वतः करून बघा, आणि समोरचा ओळखत नाही म्हणून आपल्याला किती पटकन राग येतो तेही बघा. वरिष्ठांचा, शिक्षकांचा, आईबापांचा राग बहुतेक वेळा याच जातीचा असतो.

क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, हीच टकटक ब्रिटिश घोडदळाला महागात पडली. सेनापती लॉर्ड रॅगलन उंचावर होता. तिथून त्याला रशियन सैनिक दुसऱ्या बाजूच्या टेकडीवरच्या काबीज केलेल्या तोफा घेऊन चाललेत असं दिसत होतं. त्याने लेखी हुकूम धाडला: वेगाने पुढे जा, शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. कोणत्या तोफा हे लिहायची गरज त्याला वाटली नाही, कारण त्या डोळ्यांसमोर तर होत्या. खाली खोऱ्यात असलेल्या घोडदळाच्या प्रमुखाला, लॉर्ड लुकनला, त्या दिसतच नव्हत्या. त्याने हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारलं, कसला हल्ला, कोणत्या तोफा? नोलनने हाताने खोऱ्याच्या दिशेने एक हेटाळणीचा झोका दिला: तो पाहा तुमचा शत्रू, त्या पाहा तुमच्या तोफा. सुमारे ६७० घोडेस्वार सरळ खोऱ्याच्या टोकावरच्या तोफखान्यावर चालून गेले आणि शंभराहून अधिक मारले गेले. लक्षात घ्या, लुकनने प्रश्न विचारला होता. ‘न कळल्यास विचारावं’ हा आपला लाडका उपदेश त्याने पाळला होता. विचारणाऱ्याला तुच्छतेने उत्तर मिळतं म्हटल्यावर दुसऱ्यांदा कोण विचारतो?

यापुढचं उदाहरण त्याहून भयंकर, पण त्यातून माणसं काहीतरी शिकली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. हवाई वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात याहून जास्त बळी गेलेले नाहीत. तंत्रात बिघाड नव्हता. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून नियंत्रकाला संदेश गेला तो ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचा. उड्डाणासाठी तयार उभे आहोत, की उड्डाण सुरू केलंय? नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला आणि ‘ओके’ म्हणून पुढे सांगितलं, थांबा, मी कळवतो. त्याच क्षणी दुसऱ्या, पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीच्या विमानाने ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं कळवलं. दोन्ही संदेश एकाच वेळी आल्याने केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ तेवढं स्पष्ट ऐकू आलं, बाकीची शिट्टी झाली. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, ते विमान अजून बाहेर गेलं नाही का? कॅप्टन ठामपणे ‘गेलं की’ म्हणाला. तो कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा, कंपनीच्या जाहिरातीत झळकलेला. इंजिनिअर गप्प बसला.

या कॉकपिटमध्ये कमी कशाची होती? शब्दसंपत्तीची? आत्मविश्वासाची? तो तर उतू जात होता. त्यानंतर विमान व्यवसायाने वैमानिकांना वक्तृत्व शिकवलं नाही. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक घातला. मिळालेली सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळायची, यावर जोर दिला. नुसत्या ‘ओके’ला किंमत उरली नाही. आणि १९७९मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून जे प्रशिक्षण उभं राहिलं, त्यात कनिष्ठाने शंका बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची, असे दोन्ही धडे आले. लाजाळू माणूससुद्धा सूचना परत म्हणून दाखवू शकतो. तोतरा माणूसही दाखवू शकतो.

इथे जाणता वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. तो म्हणेल, दरवेळी गैरसमज कुठे असतो? बरेचदा बोललेलं स्वच्छ कळलेलं असतं, पण ते नको असतं. चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. आदल्या संध्याकाळी बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते दूरध्वनी बैठकीत सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी कडी दगा देतील, उड्डाण नको. त्यांच्या बोलण्यात संदिग्ध काय होतं? त्यांच्याच वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला. अशा वेळी ‘संवाद कमी पडला’ म्हणणं म्हणजे सत्तेच्या निर्णयावर पांघरूण घालणं. हे बरोबर आहे. मालक पगार थकवतो आणि ‘आपल्यात जरा संवाद वाढायला हवा’ म्हणतो, तेव्हा गैरसमज काहीच झालेला नसतो. मतभेदाला आणि पिळवणुकीला संवादाचा अभाव म्हणण्याची जी फॅशन आलीय, तिच्याविरुद्ध मीही दुसऱ्या तटाबरोबर उभा आहे.

पण चॅलेंजरच्या चौकशी आयोगाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. उड्डाणाला अंतिम होकार देणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत अभियंत्यांचा हा विरोध पोहोचलाच नव्हता. मधल्या पायरीवर तो विरला. सत्तेचा प्रश्न संवादाने सुटत नाही हे खरं. पण वर बसलेल्याला ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय असते, ती काढून घेता येते. ‘या निर्णयाला कुणाचा विरोध आहे आणि का, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय’ हे विचारणं वरच्याचं काम ठरवलं, तर न ऐकल्याचा दोषही त्याच्याच पदरात पडतो. अधिकार असलेल्यावर जबाबदारी टाका असं मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी. संवादकौशल्याच्या बहुतेक वर्गांत मात्र खुर्चीवर कनिष्ठच बसलेले दिसतात. साहेब उद्घाटनाचं भाषण करून निघून जातात.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: दर वाक्याला ‘परत म्हणून दाखव’ करत बसलं तर कामं कधी व्हायची, आणि घरात असं बोललं तर लोक वेड्यात काढतील. शिवाय पद्धतीचं कर्मकांड व्हायला वेळ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची १९ कलमी तपासयादी आणली. तिच्यात प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, हे एक कलम आहे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांच्या पाहणीत मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर टाळ्या पडल्या. मग कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४मध्ये आला. यादी लागू झाल्यावर तिथे म्हणण्यासारखा फरक दिसलाच नाही. तेव्हा नुसत्या यादीने तरून जाऊ असं समजणाऱ्यांनी हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. माझा तर्क असा की खूण करणं आणि विचारणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

म्हणून मी सगळ्यांना यादी वाटा म्हणत नाही. मला एकच प्रश्न हद्दपार करायचा आहे: ‘समजलं ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय दुसरं उत्तर द्यायला फार धैर्य लागतं. ‘नाही’ म्हणणारा एक तर मठ्ठ ठरतो, नाही तर आगाऊ. विचारणाऱ्यालाही ‘हो’च हवं असतं, त्याचा एक पाय दाराबाहेर असतो. चांगले डॉक्टर आणि परिचारिका हा प्रश्न टाळतात. ते विचारतात, ‘घरी गेल्यावर ही औषधं कशी घ्यायची, हे घरच्यांना काय सांगाल?’ मग पेशंट सांगू लागतो, आणि तिसऱ्या वाक्याला कळतं की ‘दिवसातून दोनदा’ म्हणजे त्याच्या लेखी दोन्ही गोळ्या सकाळीच. यात परीक्षा घेतल्यासारखं काही वाटत नाही, कारण तपासलं जातं ते डॉक्टरचं सांगणं. वेळ किती लागतो? मिनिटभर. माझ्या त्या अहवालाला शुद्धिपत्र काढायला दोन दिवस लागले.

घरातही परत म्हणून दाखवा असं कुणी म्हणत नाही. पण नवऱ्याच्या ‘बघतो’वर बायकोने ‘बघतो म्हणजे रविवारी करतोस, की नाही म्हणतोयस?’ असं एकदा विचारलं, तर पुढच्या रविवारचं भांडण टळतं. फार तर त्याच रविवारचं भांडण आज होतं, आणि तेही बरंच आहे. निदान दोघं एकाच विषयावर भांडतात. अर्थात ‘बघतो’ म्हणणाऱ्यालाही कधी कधी ते धूसरच ठेवायचं असतं. सगळी संदिग्धता काही वाईट नसते. पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ न म्हणता ‘बघू’ म्हणण्यात एक माया आहे, ती मोडीत काढायची मला इच्छा नाही. गोळी, विमान, बेरीज, पैसे आणि तारीख यांच्याबाबतीत तेवढी ती माया बाजूला ठेवा.

ती सहकारी मुलगी अजून माझ्याबरोबर काम करते. परवा निघता निघता मी तिला म्हणालो, ‘ते प्रास्ताविक बघून घे.’ तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, ‘बघून म्हणजे वाचू, की बदलू? आणि बदललं तर तुम्हाला दाखवून, की न दाखवता?’ मी दारात उभा होतो. कपाळावर आठी आलीच, ती तिलाही दिसली असणार. मग मी पिशवी खाली ठेवली. खरं सांगायचं तर मला नक्की काय हवंय ते माझंही ठरलेलं नव्हतं.